जालना ते मलकापूर : डिझेलच्या वाटेवर

गेल्या डिसेंबरात मलकापूरला मामूंच्या थोरल्या मुलाचा वलीमा होता. जालन्याहून मलकापूरला जायचे तर देऊळगाव राजा, चिखली, बुलढाणा असा सरळ रस्ता आहे. पण नवरीला खामगावची चांदी द्यायची असे घरात आधीच ठरले होते. म्हणून जाताना समृद्धी महामार्गाने मेहकर, तेथून खामगाव, नांदुरा आणि मलकापूर, आणि येताना बुलढाण्याच्या घाटाने परत, असा लांबचा फेरा आम्ही घेतला. त्या निमित्ताने जवळजवळ सगळ्या बुलढाणा जिल्ह्याला वळसा झाला. गाडीत आम्ही दोघे, अम्मी आणि दोन्ही मुले. फजरची नमाज पढून निघालो तेव्हा जालन्याच्या बाहेर सळई भरलेले ट्रक ओळीने उभे होते.

मुलांना गप्प बसवायला आम्ही एक काम दिले : ट्रक मोजा. समृद्धीवर चढल्यापासून मेहकरला उतरेपर्यंत धाकटीचा आकडा दोनशे अठरावर गेला. मध्ये तिला झोप लागली होती, तेवढे सोडून. त्यांत सळईचे होते, सोयाबीनचे होते, सिमेंटचे होते, बंद कंटेनर होते. रिकामे धावणारेही बरेच होते.

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ रोजी. बुलढाणा जिल्ह्यात तो देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार आणि मेहकर या तालुक्यांतून जातो. रस्ता गुळगुळीत आणि सरळ, पण सिंदखेड राजाच्या हद्दीत आलो की आजही गाडीतले बोलणे थांबते. १ जुलै २०२३ च्या पहाटे येथेच पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस जण गेले. अम्मी बराच वेळ काही तरी पुटपुटत होत्या. त्या बसमध्येही डिझेलच होते. ही गोष्ट मलकापूरच्या घरात पुढे निघणार होती, ती त्या वेळी आमच्या ध्यानात नव्हती.

याच रस्त्याच्या कडेने जमिनीखालून गेल या सरकारी कंपनीची मुंबई-नागपूर गॅसवाहिनी टाकलेली आहे. ती पुढे झारसुगुड्यापर्यंतच्या मोठ्या वाहिनीचा भाग आहे. म्हणजे वर डिझेल जाळत ट्रक धावतात आणि बाजूला जमिनीत गॅस वाहतो. थोरल्याने विचारले, "मग हे ट्रक तोच गॅस का नाही भरत?" दहा वर्षांच्या पोराचा प्रश्न, पण त्याचे उत्तर आम्हांला धड देता आले नाही. "मलकापूरला गेल्यावर चाचूंना विचार," म्हणून वेळ मारून नेली.

डाव्या हाताला आत साखरखेर्डा राहते. १७२४ च्या ऑक्टोबरात निजामुल्मुल्क आसफजाह आणि मुबारिझखान यांची लढाई येथे झाली. मुबारिझखान पडला आणि दख्खनमध्ये निजामाची सत्ता उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकात तलवारी असतात, पण एवढ्या फौजांना दाणा-वैरण कोण पुरवत होते? ते काम बंजाऱ्यांचे. धान्य आणि मीठ लादलेले हजारो बैल घेऊन त्यांचे तांडे फौजांच्या मागे-पुढे चालत. मेहकर-लोणार भागात आजही बंजाऱ्यांचे तांडे आहेत, मात्र मालाची वाहतूक त्यांच्या हातून कधीच गेली. त्या काळी मालवाहतुकीचे इंधन वाटेवरच उगवत असे आणि त्याच वर्षी पुन्हा उगवत असे. आज आपण जाळतो ते जमिनीत कोट्यवधी वर्षे पडून होते.

मेहकरहून खामगावच्या रस्त्याला लागलो आणि खरा बुलढाणा दिसू लागला. कापसाची वेचणी चाललेली. पिकअप आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कापसाने इतक्या फुगलेल्या की समोरून येताना एखादे पांढरे घरच सरकत येत आहे असे वाटावे. सोयाबीन केव्हाच निघाले होते आणि शेताच्या धुऱ्यावर कुटाराचे ढीग पडले होते. काही ठिकाणी जुनी पऱ्हाटी पेटवून दिलेली. पऱ्हाटी आणि कुटार ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

खामगावला चांदीच्या दुकानात जे व्हायचे ते झाले. अर्ध्या तासाचे काम अडीच तासांवर गेले. तोवर आम्ही मुलांना घेऊन स्टेशनावर गेलो. जलंब ते खामगाव हा तेरा किलोमीटरचा रेल्वेचा फाटा १८७० साली सुरू झाला. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची चटक लागली होती आणि खामगावचा कापूस बैलगाड्यांतून मुख्य लाइनीपर्यंत नेणे त्यांना परवडत नव्हते. एवढ्या लहान गावाला दीडशे वर्षांपूर्वी रेल्वे मिळाली, आणि जालना-खामगाव लोहमार्गाची मागणी मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ मागणीच आहे. तो झाला असता तर आम्ही सकाळपासून मोजलेल्या दोनशे अठरांतले काही ट्रक रस्त्यावर आलेच नसते. भुसावळ-नागपूर मार्ग विजेवर चालतो. टनामागे रेल्वेला लागते ती ऊर्जा ट्रकच्या मानाने फारच थोडी. पण देशातला सुमारे सत्तर टक्के माल आज रस्त्याने जातो हे खरे आहे, आणि आमच्या मामूंचे पोट त्यावरच आहे हेही खरे आहे.

नांदुऱ्याचा उंच हनुमान दिसला की ड्रायव्हर लोक म्हणतात, मलकापूर आले. हा रस्ता सरकारी कागदावर आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, पण ट्रकवाल्यांच्या तोंडी तो अजून 'सहा नंबर'च. हजिऱ्यापासून ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंतचा माल या सहा नंबरवरून जातो, आणि मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांतल्या कितीतरी मुस्लिम घरांची रोटी त्याच्याशी बांधलेली आहे. कोणी ड्रायव्हर, कोणी फिटर, कोणी टायरवाला, कोणी ताडपत्री शिवणारा. मामूंच्या गल्लीत बारा घरे आहेत. त्यांतल्या सात घरांत डिझेलचा वास येतो, असे मामीच सांगतात.

मामूंची स्वतःची एकच गाडी आहे, दहा चाकी. २०१६ ची. व्याजाच्या हप्त्यावर घ्यायची नाही या हट्टापायी त्यांनी दोन एकर शेत विकले आणि साडूला भागीदार केले. जालन्याची सळई अकोला-नागपूरकडे न्यायची, येताना सरकीची ढेप, डाळ, कापसाच्या गाठी, जे मिळेल ते आणायचे, असे त्यांचे चालते. मामू घरात उर्दूत बोलतात, त्यात निम्मी वऱ्हाडी. आम्ही येथे मराठीत लिहीत आहोत.

रात्री जेवणे झाल्यावर थोरल्याने तो गॅसचा प्रश्न काढला. मामूंचा धाकटा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा करून एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. त्याला तेच हवे होते. तो म्हणाला, "तुझ्या नानूंना मी दोन वर्षे हेच सांगतोय. ही गाडी विका आणि एलएनजीची घ्या." मामू काही बोलले नाहीत. उठले, कपाटावरून काचेची एक बाटली काढून आणली आणि आमच्यापुढे ठेवली. आत पिवळट तेल, तळाला काळा गाळ.

बाटलीची हकीकत अशी. २०२१ साली डिझेलने शंभरी गाठली होती आणि भाडे मात्र वाढत नव्हते. तेव्हा महामार्गालगत एका शेडमध्ये टाकी बसवून कोणी 'बायोडिझेल' विकत होते, लिटरमागे वीस-बावीस रुपये स्वस्त. बोर्डावर हिरवे पान काढलेले. मामूंनी ऐकले होते की हे वनस्पतीच्या तेलापासून होते, धूर कमी करते, सरकारलाही ते हवे आहे. तीन वेळा टाकी भरली. चौथ्या खेपेला मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. फिल्टर चोंदलेला, नोझल गेलेले, इंजेक्शन पंप उतरवावा लागला. वीस-बावीस दिवस गाडी उभी, खर्च लाखाच्या घरात. थोरल्याचे लग्न तेव्हाच व्हायचे होते. ते राहिले. ज्या वलीम्याला आम्ही गेलो होतो, तो असा चार वर्षे मागे पडलेला होता.

"आणि ते बायोडिझेल नव्हतेच," धाकटा म्हणाला. ही गोष्ट एकट्या मामूंची नाही. २०२० आणि २०२१ या वर्षांत महाराष्ट्रात ठिकठिकाणी असल्या टाक्यांवर महसूल खात्याचे आणि पोलिसांचे छापे पडले. बहुतेक ठिकाणी विकले जात होते ते भलतेच कारखानदारी तेल, फक्त नाव बायोडिझेलचे. केंद्राने बायोडिझेलच्या विक्रीचे नियम ३० एप्रिल २०१९ रोजीच काढले होते, राज्याने २०२१ मध्ये स्वतःचे धोरण केले. अस्सल बायोडिझेलला भारतीय मानक आहे, आयएस १५६०७. पण रात्री दीड वाजता टाकी भरणाऱ्या ड्रायव्हरला ते मानक कोण दाखवणार? अम्मींनी तेवढ्यात सूरह मुतफ्फिफीनची आठवण काढली. म्हणाल्या, मापात मारणाऱ्याला जो इशारा आहे तो मालच बदलणाऱ्याला नाही असे थोडेच आहे.

अस्सल बायोडिझेल ही मात्र चांगली वस्तू आहे, आणि ते समजून घ्यायला आम्हांला धाकट्याचीच मदत झाली. खाद्यतेल, बहुधा तळून झालेले, त्यात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तापवतात. खाली ग्लिसरीन बसते, वर पातळ तेल राहते. ग्लिसरीन साबणाला आणि औषधांना जाते, वरचे तेल धुऊन, सुकवून डिझेलमध्ये मिसळतात. वापरलेल्या तेलापासून केलेल्या बायोडिझेलने, सगळा हिशेब धरला तर, डिझेलच्या मानाने कर्बवायू ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाचतो. कारण त्यातला कर्ब रोपाने एक-दोन वर्षांपूर्वीच हवेतून घेतलेला असतो. दोषही आहेत. ते थंडीत दाट होते, पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीतला साचलेला मळ सोडवून फिल्टरवर आणते. म्हणून ते थोड्या प्रमाणात आणि चांगल्या पंपावरच घ्यावे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचे उद्दिष्ट आहे. आजवर एक टक्कासुद्धा झालेले नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेले आणि त्यामुळे आपल्याकडच्या मक्याला गिऱ्हाईक मिळाले. पण इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळत नाही, आणि ट्रक तर डिझेलवरच चालतात.

येथे धाकटीने मध्येच विचारले की एवढा धूर होतो तरी किती. मग कागद-पेन्सिल आली. एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कर्बवायू होतो. मामू हसले : "लिटरचे वजन किलोभरही नाही, धूर अडीच किलोचा?" हिशेब बरोबर आहे. डिझेलमधला कर्ब जळताना हवेतला प्राणवायू ओढून घेतो, वजन वाढते ते त्याचे. मामूंची गाडी लिटरला चार किलोमीटर देते आणि महिन्याला सहा हजार किलोमीटर धावते. म्हणजे पंधराशे लिटर आणि चार टन कर्बवायू. मामूंच्या गाडीत माल बसतो सोळा टन. धाकटीने बोटांवर मोजून सांगितले, दर चार महिन्यांनी नानू एक गाडी भरून धूर वाहतात. खोलीत सगळे हसले, मामू सोडून.

बिचाऱ्या मामूंना आम्ही गुन्हेगार ठरवायला बसलो नव्हतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या एका अहवालात म्हटले आहे की देशातल्या वाहनांत ट्रक तीनच टक्के, पण वाहनांच्या धुरातल्या बारीक कणांत त्यांचा वाटा निम्म्याहून अधिक. ते कण आधी कोणाच्या छातीत जातात? सहा नंबरच्या कडेला राहणाऱ्यांच्या आणि स्टिअरिंगवर बसणाऱ्यांच्या. मामूंचा खोकला आम्ही त्या रात्री पुरता ऐकला.

मग एलएनजी. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि सहाशेपट कमी जागेत मावतो. त्यामुळे ट्रक एका भरण्यात लांब जाऊ शकतो. ११ जुलै २०२१ रोजी नागपूरला नितीन गडकरी यांच्या हस्ते देशातले पहिले खासगी एलएनजी केंद्र सुरू झाले. पुण्याजवळ चाकणला २०२२ पासून एलएनजीचे ट्रक तयार होतात. धुरातले कण जवळजवळ नाहीसे होतात, इंजिनाचा आवाजही कमी. मामी म्हणाल्या, "गॅसची गाडी? पेटली म्हणजे?" कोणीतरी सिंदखेड राजाच्या बसची आठवण दिली, आणि थोडा वेळ कोणी बोलले नाही.

कर्बवायूचे म्हणाल तर एलएनजीने दहा-पंधरा टक्के घटतो, फार नाही. शिवाय तो वायू म्हणजे मिथेन. टाकीतून, नळीतून, इंजिनातून न जळता थोडासा जरी सुटला तरी वीस वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या ऐंशीपट उष्णता धरतो. म्हणजे गळती झाली की केलेली कमाई गेली. मामूंची अडचण आणखी साधी होती. गाडी महाग, मग हप्ता आणि व्याज आले. पंप मोजके, आणि परतीचे भाडे जिकडचे मिळेल तिकडे त्यांना जावे लागते. पावसाळ्यात गाडी आठ-आठ दिवस उभी असते. उभ्या गाडीत एलएनजी हळूहळू उकळून उडून जातो. पन्नास गाड्यांच्या कंपनीला, ठरलेल्या रस्त्यावर रोज धावणाऱ्याला, तो परवडेल. एका गाडीवाल्याला?

"बेटा," मामू म्हणाले, "डिझेल महाग आहे हे मला माहीत आहे. पण ते डिझेल आहे हेही माहीत आहे."

धाकट्याकडे याला उत्तर होते, आणि आम्हांला ते पटले. गॅस समुद्रापलीकडून आणलेलाच हवा असे कोठे आहे? शेण, कुटार, पऱ्हाटी, भाजीबाजाराचा कचरा यांतूनही तोच मिथेन निघतो. तो शुद्ध करून दाबून भरला की सीएनजीच्या जागी चालतो. केंद्राची 'सतत' ही योजना १ ऑक्टोबर २०१८ पासून यासाठीच आहे. शहरांत गॅस विकणाऱ्यांना २०२५-२६ पासून असा एक टक्का जैववायू मिसळणे बंधनकारक झाले आहे आणि २०२८-२९ पर्यंत तो पाच टक्क्यांवर न्यायचा आहे. सकाळी मेहकरच्या रस्त्यावर पेटलेली पऱ्हाटी आम्ही पाहिली होती. शेण, कुटार सहज कुजते. पऱ्हाटी लाकडासारखी टणक, ती कुजवणे अवघड, हे कबूल केले पाहिजे. तरीही जो जिल्हा आपले इंधन शेतात पेटवून देतो आणि गाडीचे इंधन आखातातून मागवतो, त्याचा हिशेब कोठे तरी चुकतो आहे असे आम्हांला वाटले. मामूंनी एवढेच विचारले की तो पंप खामगावला कधी येणार. धाकटा गप्प बसला. शेवटी ठरले ते असे : ही गाडी अजून दोन वर्षे चालवायची, टायरमध्ये हवा बरोबर ठेवायची, साठच्या वर पळवायची नाही, आणि रिकामे परत यायचे नाही म्हणून धाकट्याने परतीचे भाडे आधीच ठरवून द्यायचे. यात नवे इंधन काही नाही. पण महिन्याला दीडशे लिटर वाचतील असे मामूंचे म्हणणे होते, आणि हे गणित त्यांच्याच हातातले होते.

दुसऱ्या दिवशी वलीमा चांगला झाला, अलहम्दुलिल्लाह. संध्याकाळी मागच्या अंगणात मामी डोक्याला हात लावून बसलेल्या दिसल्या. समोसे आणि मुर्ग तळून पंधरा लिटरचा एक डबा तेल उरले होते, काळपट झालेले. एक गाडीवाला ते विकत मागत होता, उद्याची भजी त्यातच तळायला. अन्नसुरक्षा खात्याचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे की तेलातील बिघडलेले घटक पंचवीस टक्क्यांच्या वर गेले की ते पुन्हा तळायला वापरू नये. असे तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची मोहीमही त्याच खात्याची आहे. आपल्या घरांत रमजानभर जे तळले जाते त्याचे उरलेले तेल मोरीत जाते किंवा अशा गाड्यांवर. मामींनी गाडीवाल्याला नाही म्हटले, पैसे गेले म्हणून दोन शब्द आम्हांलाही ऐकवले, आणि डबा आमच्या गाडीत ठेवून दिला : "तुम्हीच शोधा तुमचा बायोडिझेलवाला."

परत येताना मोताळ्यानंतर राजूरचा घाट लागला. चढावर एक जुना ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत होता. त्याच्या मागे वीस मिनिटे आम्ही काचा लावून चाललो. वर बुलढाण्याला हवा एकदम गार, आणि आकाश धुतल्यासारखे. पुढे सैलानीचा फाटा गेला, चिखली गेली, देऊळगाव राजाला असरची नमाज झाली. प्रत्येक वळणाला डिकीतला डबा डचमळत होता आणि अम्मी झाकण बघायला सांगत होत्या.

जालन्याला आल्यावर वापरलेले तेल नेणाऱ्या एकाचा नंबर मिळाला. फोन केला. त्याने विचारले, "किती आहे?" आम्ही म्हणालो, पंधरा लिटर. "पन्नास झाले की सांगा, एवढ्यासाठी गाडी पाठवली तर तिचेच डिझेल जास्त होईल." हेही बरोबरच होते. आता गल्लीतल्या चार घरांतून तेल आमच्या पडवीत येते. बुधवारी मोजले तेव्हा एकतीस लिटर भरले होते.